बाह्यांतलं अस्तर

ते प्रकरण आठवलं की आजही मी कोट घालण्याआधी त्याची बाही उलटून पाहतो.

वसमतला ठाणेदार होतो. एक निवृत्त कारकून काखोटीला शेरवानी मारून ठाण्यात आले. शेरवानी वडिलांची, निजामकाळातली. आत पातळ अंजिरी रेशमाचं अस्तर. मुलाच्या लग्नासाठी सैल करायला घरच्यांनी टेलर मास्तरांकडे दिली, ती परत आली सुती अस्तर लावून.

"रेशीम लांबवलं त्यानं. आत टाका!"

तक्रारअर्ज घेतला आणि सत्तरीच्या मास्तरांना चौकशीला बसवलं.

"अस्तर तुम्ही काढलं?"

"व्हय."

"काहून?"

"ते इचारू नका, साहेब."

कबुली देतो आणि मुद्देमाल देत नाही! मला वेगळाच संशय आला. चोर इतक्या लवकर 'व्हय' म्हणत नाही. तिकडे गावभर बोभाटा झालेला. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं दुकानातून कापडं परत नेत होती. मास्तरांचं उभ्या आयुष्याचं नाव टाक्याटाक्यानं उसवत होतं.

मी शेरवानी टेबलावर पसरली आणि जादूगाराच्या थाटात बाही उलटली. आत अंजिरी रेशीम! दोन्ही बाह्या जशाच्या तशा.

"चोर बाह्या कशाला सोडील?"

आमच्या महिला हवालदारानं शेरवानीच्या पाठीवर वीत टाकून पाहिली. "साहेब, एवढ्यात बराबर कुंची निघंल. तान्ह्या लेकराला घरातल्या वडीलधाऱ्याचंच जुनं, मऊ कापड घालत्यात."

पंचनाम्याच्या निमित्तानं कारकुनांचं घर गाठलं. घरात लहान मूल नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. इतक्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "वहिनी, लेकरू किती महिन्यांचं?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"दोन. लेकीचं." लेकीनं मनानं लग्न केलेलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची बंदी. "मास्तरांना मीच गळ घातली, अन् कोणाला सांगू नका म्हणून शब्द घेतला. अस्तर कोण बघतंय, वाटलं. त्यांना सोडा, साहेब."

चोरीत काय गेलं याची यादी सगळेच करतात. काय मागे राहिलं ते आधी पाहावं, एवढं मी या प्रकरणात शिकलो.

कारकुनांनी ठाण्यात येऊन तक्रार मागे घेतली आणि मास्तरांपुढे पुन्हा शेरवानी ठेवली. आता हे नवं काय काढतात, म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"बाह्यांचंही काढा," ते खाली मान घालून म्हणाले. "टोपडं होईल."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात ठेवला.

"डोक्याचं माप तुमीच घेऊन या."