खापरीला साडेनऊच्या आत

नवी नोकरी लागली की पेढे त्याच दिवशी संपतात, किस्से मात्र पुरून उरतात. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरीला लागले आणि तीन महिन्यांत इतके किस्से साचले, की आता हळदीकुंकवाला गेले तरी बायका वाण घ्यायच्या आधी ‘मेट्रोचं सांग’ म्हणतात. म्हणून एकदाचे सगळे सांगून टाकते.

आधी घरचं सांगते. आम्ही खापरखेड्याचे. माझे सासरे, म्हणजे बाबा, वीज केंद्रातून शिफ्ट इंचार्ज म्हणून रिटायर झाले. नवरा अजून तिथेच शिफ्ट करतो. लेक पुण्याला शिकायला गेली आणि घर मला खायला उठलं. लग्नाआधी धरमपेठेत एका ऑफिसात मी फायली सांभाळायचे. तेवढ्या पुंजीवर खापरीच्या बाजूला एका औषध कंपनीत रेकॉर्डचं काम मिळालं. म्हणजे नागपूरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! बसने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोने थेट खापरी, पुढे कंपनीची गाडी. साडेनऊच्या आत मशीनवर अंगठा लावायचा. पहिले तीन महिने नोकरी कच्ची, आणि त्यात तीन लेट मार्क झाले की नारळ. मला ही नोकरी हवी होती. फार हवी होती. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी हे रडत सांगितलं होतं.

*

बाबांनी जाहीर केलं, की ट्रायल रन घेतल्याशिवाय वीज केंद्रात जनरेटरचा कोणताही सेट चालू करत नसतात. मग रविवारी सकाळी मी, बाबा आणि त्यांचे जुने बॉयलरवाले मित्र डोमाजी काका असे तिघे रिकाम्या बसने निघालो. काकांच्या हातात लॉगबुक. प्रत्येक स्टेशनला गाडी थांबली की बाबा घड्याळ बघून वेळ सांगायचे आणि काका लिहायचे. समोरच्या बाईंना वाटलं, हे सरकारी तपासणीवाले आहेत. त्यांनी गुपचूप आपली पिशवी सीटवरून उचलून मांडीवर घेतली.

आम्ही वेळेच्या बरंच आधी खापरीला पोचलो. बाबांनी ‘ट्रायल यशस्वी’ लिहवून घेतलं आणि खाली उतरून सगळ्यांना चहा पाजला.

सोमवारी बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एक बस सोडली, दुसरी सोडली, तिसरीत लोंबकळत गेले. अंगठा लागला तेव्हा साडेनऊला एकच मिनिट होतं. संध्याकाळी मी हे सांगितलं तर दोघा म्हाताऱ्यांनी रविवारचं लॉगबुक पुन्हा उघडलं.

डोमाजी काका हळूच म्हणाले, “ट्रायल नो-लोडवर घेतला गा आपण.”

*

वीज केंद्रात प्रत्येक पंपाला एक स्टँडबाय असतो. एक बंद पडला तर दुसरा हजर. म्हणून बाबांनी मंगळवारपासून डोमाजी काकांना त्यांच्या स्कूटरसकट माझा स्टँडबाय नेमलं. माझ्या बसच्या मागे काकांची स्कूटर. बस बिघडली तर मी स्कूटरवर बसायचं, अशी योजना होती.

बसला काही झालं नाही. कोराडीच्या अलीकडे स्कूटर बंद पडली. ड्रायव्हर आमच्या कॉलनीतलाच, त्याने आरशात बघितलं आणि बस थांबवली. काकांनी स्कूटर एका पानठेल्यापाशी लावली आणि बसमध्ये चढले. त्या दिवशी नशिबाने मला बसायला जागा मिळाली होती. वडीलधारा माणूस उभा कसा राहील? मी उठले. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत स्टँडबाय बसून आणि मेन पंप उभा.

*

बाबांच्या नोकरीत चार्ज दिल्याशिवाय कोणी शिफ्ट सोडत नसे. त्यांनी तो नियम माझ्या स्वयंपाकघराला लावला. निघताना मी सांगायचं, की दूध तापवलं, गॅस बंद केला, डाळ भिजत घातली. ते वहीत लिहायचे आणि आईंनी चार्ज घेतला म्हणून खाली सही करायची.

आईंनी पेन हातात घेतला, वहीकडे बघितलं, आणि पेन परत ठेवला.

“घर माह्यं, चाळीस वर्षं मीच चालवून राहिली, अन् चार्ज मले आज भेटून राहिला?”

वही त्या दिवशी बंद झाली.

*

पहिला लेट मार्क मात्र माझ्या पायांमुळे लागला. नागपूरकराचं सगळं काम बर्डीला. साड्या बर्डीला, चपला बर्डीला, लग्नाची खरेदी बर्डीला. सीताबर्डी स्टेशन आलं, दार उघडलं, अर्धा डबा उतरला आणि त्यांच्यासोबत मीही उतरले. दोन जिने खाली आल्यावर आठवलं, की मला काही विकत घ्यायचं नाही. परत धावत वर गेले तर गाडी निघून गेलेली.

ऑफिसातल्या साहेबांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, बर्डी आली म्हणून उतरले. ते मूळचे नागपूरचे. त्यांनी मान हलवली आणि मार्क लावला.

दुसरा मार्क नवरात्रात लागला. कोराडीला देवीच्या दर्शनाची एवढी गर्दी, की बस हलेना. साहेब म्हणाले, देवीच्या नावावर सूट नाही. आणि वर म्हणाले, उद्या प्रसाद आणा.

आता एकच मार्क उरला होता. मी देवाला सोडून बसच्या ड्रायव्हरलाच नवस बोलायला लागले.

*

कच्च्या नोकरीचा शेवटचा दिवस. नवऱ्याची पहिली शिफ्ट, तो पहाटेच गेलेला. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. बाबा रोज मला फाटकापर्यंत सोडायला यायचे, त्या दिवशी आले नाहीत. अंगावर शाल ओढून खुर्चीत बसले होते. म्हणाले, थंडी वाजून राहिली, तू निघ, बस चुकवू नको. आजच्या दिवशी तरी यायचं होतं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, मला रागच आला होता.

नऊ चोवीसला अंगठा लागला. रोजच्यासारखा घरी ‘पोचले’ म्हणून मेसेज केला आणि रेकॉर्डरूममध्ये जाऊन दोन मिनिटं नुसती बसून राहिले. दुपारी पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले तर बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. सकाळी सव्वासहाला न्हाणीत पाय घसरून पडले होते. मनगट मोडलं होतं. मी आईंवर ओरडले, की मला हाक का नाही मारली?

“त्यायनं शपथ घातली वं. म्हणे तिचा मेसेज येऊ दे, मग ऑटो बोलावजो. तोवर हात शालीखाली धरून बसले.”

बाबा डाव्या हाताने पेढा खात होते. माझ्याकडे बघेनात.

“डॉक्टरही लय बोलले त्यायले,” आई म्हणाल्या. “म्हणे आजोबा, सव्वासहाला पडलात, आता दहा वाजलेत, इतका वेळ काय करत होतात?”

“मग?”

“मग काय. हे म्हणाले, सुनेले ऑफिसात पोचवून राहिलो होतो.”