सासुरवाडीत माझं वजन

आधी चहा ओता, मग सांगतो. कधी फजिती झाली नाही असा माणूस नसतो, पण माझ्यासारखी इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या पायांनी चालत जाऊन कुणी करून घेत नाही.

मी मोठा जावई. सासुरवाडी मुकुंदवाडीला, आमच्या पुंडलिकनगरहून गाडीवर जवळच. पण त्या घरात मला विचारतो कोण? फरशीचा रंग ठरवायचा तरी धाकट्या जावयाला फोन. मला जेवायला बोलावतात, तेही फरशी बसल्यावर. मी इतका थकलो की हल्ली रागही येत नाही.

अशात मेहुण्याचा, विक्याचा, फोन आला.

"दाजी, रविवारी घरी या. तुमचं वजन लागतंय."

"कशाला रे?"

"अण्णा म्हणतेत जिमबिम बंद, घरी जोर मार. मी म्हणतो, नुसत्या जोरानं ताकद वाढत नाय, वजन पायजे. लई वाजलंय आमचं. तुम्ही या फक्त."

अण्णा म्हणजे माझे सासरे, आणि जोर म्हणजे हल्लीचे पुशअप्स. आता सांगा, या फोनचा अर्थ तुम्ही काय घेतला असता? मी बायकोला म्हणालो, "बघ, शेवटी माझ्या शब्दाला वजन आलं."

"जाऊन या. पण फार बोलू नका," ती म्हणाली.

रविवारची झोप सोडली. मी स्वतः आयुष्यात ना जोर मारले ना वजन उचललं. गॅसची टाकीसुद्धा पायानं ढकलतो. तरी मोबाईलवर व्हिडिओ बघून निवाडा तयार केला.

गेलो तर गच्चीवर सतरंजी, खुर्चीवर सासरे, बनियनवर विक्या. म्हटलं, बैठक आहे. घसा खाकरला.

"मामा, जोर चांगलेच. सुरुवातीला त्यानंच ताकद येते. पण एकदा ते सहज निघायला लागले की नुसता दम वाढतो, ताकद तिथंच राहते. जिममध्ये वजन वाढवता येतं. जोर मारताना उचलायचं ते आपलंच अंग, ते किती वाढवणार? विक्याचं बरोबर आहे. आणि तुमचंही."

"व्हय, तेच ठरलंय आमचं. जोर घरीच मारायचे, पण वजन घेऊन. झालं का बोलून, पाहुणे? बसा आता."

मी खुर्ची शोधू लागलो. "कुठं बसू?"

"त्याच्या पाठीवर."

विक्या सतरंजीवर पालथा पडून तयारच होता.

"काल धाकट्या पाहुण्यांना बसवून बघितलं," सासरे म्हणाले, "पण त्यांचं काही वजनच नाय."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. ऐकलं ते मेहुण्याच्या पाठीवर मांडी घालून, खालीवर होत. शेजारच्या गच्चीवरच्या काकू पापड घालायच्या थांबून बघत होत्या.

"दाजी, हलू नका," खालून आवाज आला. "बोलू पण नका."

घरी येऊन सोफ्यावर आडवा झालो. बायकोनं विचारलं, "मग? पटलं का त्यांना तुमचं?"

"पटल्याचं माहीत नाही," मी म्हणालो, "पण तुझ्या भावानं मला चांगलं उचलून धरलं. आता दर रविवारी धरणार आहे."