आईच्या नावाचं तळण

गेल्या वर्षी शेजारणीने दारात येऊन गोडाचा डबा हातात दिला, तेव्हा मी खुशीत विचारलं, "गुड न्यूज वाटतं? मुलाचं लग्न ठरलं?" आपल्याकडे कुणी उगाच गोड घेऊन येतं का? ती तुर्कस्तानची, इझमिरकडची. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत. ती शांतपणे म्हणाली, "नाही. वडील गेले. आज चाळीस दिवस झाले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती चिडली नाही, आत येऊन बसली. तिच्याकडे माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी घरचे लोक रस्त्यावर मोठी कढई मांडतात. आंबवलेल्या सैल पिठाचे सुपारीएवढे गोळे तळायचे, पाकात बुडवायचे आणि येईल त्याला द्यायचे. ओळख ना पाळख. खाणाऱ्याने गेलेल्या माणसासाठी काहीतरी चांगलं मागायचं, बस्. त्याला लोकमा म्हणतात. इथे आखातात अरब लोक रमजानमध्ये लुगैमात करतात, ते त्याचंच भावंड. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई! आपण सुतकात कढई चढवत नाही आणि ही गेलेल्याच्या नावाने तळण काढते.

या वर्षी माझी आई गेली, चिपळूणला. माझा पासपोर्ट रिन्यूअलला दिलेला, म्हणजे जाणं खलास. भावाने सगळं केलं आणि मी अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवर बघितलं.

पण खरं सलत होतं ते वेगळंच. आईला डायबेटीस. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर तिच्या हातात शेजारच्या बारशाची जिलबी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. ती म्हणाली, "एकाने काय होतंय गं?" मी म्हटलं, "खा, आणि पड आजारी. मग मला फोन करू नकोस." आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी ती झोपेतच गेली, हार्टने. भाऊ नंतर सहज बोलून गेला, जिलबी तिने तशीच परत ठेवली होती. तेव्हापासून माझ्या घशाखाली गोड उतरत नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी शेजारीण पिठाचं पातेलं घेऊन दारात उभी. म्हणाली, "आज चाळीस." मी मोजले नव्हते, तिने मोजले होते. मी फटकन म्हटलं, "आमच्यात असलं करत नाहीत." ती म्हणाली, "मग माझ्या घरी करू. यल्ला, चल." माझ्या तिरसट स्वभावाला न जुमानणारी माणसं आयुष्यात फार थोडी भेटली. त्यातली ही एक.

पीठ डाव्या मुठीत घेऊन दाबायचं, वर आलेला गोळा ओल्या चमच्याने तेलात सोडायचा. माझ्या गोळ्यांना शेपट्या फुटल्या. ती म्हणाली, "पोटाला शेपटी दिसत नाही." कितीतरी दिवसांनी मी हसले.

परात खाली लॉबीत नेली. नमाजाहून परतणारी माणसं, वॉचमन, डिलिव्हरीवाले, सगळे थांबले. कुणीतरी विचारलं, "किसके लिए?" मी म्हटलं, "मेरी आई." खाऊन झाल्यावर प्रत्येकजण आपापल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण आईला कधीही न पाहिलेली इतकी माणसं तिच्यासाठी मागत होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. शेजारणीने परात धरून ठेवली. तिचे उपकार मी फेडू शकणार नाही आणि मला फेडायचेही नाहीत.

शेवटी चौथ्या मजल्यावरचे म्हातारे गुजराती काका काठी टेकत आले. परातीकडे बघून म्हणाले, "बेटा, मुझे शुगर है।" आणि वळले. पण नजर मात्र परातीवरच.

मी एक लोकमा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. मराठीतच म्हटलं, "एकाने काय होतंय, काका?"