खलाशाच्या गाण्यात सत्कार

माझ्या पुतणीला इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकगीतांचं वेड लागलं ते मोबाइलवर. तिकडचे शेतकरी, कोळी, गिरणकामगार पिढ्यान्‌पिढ्या जी गाणी म्हणत आले, ती ही गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून म्हणायची. गळा गोड होता, पण दादाला, म्हणजे तिच्या वडिलांना, त्याचं काही कौतुक नव्हतं. त्याने शेवटची परवानगी दिली: निफाडच्या द्राक्षमळ्यातला एक कार्यक्रम, मग बँकेच्या परीक्षेचा क्लास आणि गाणं बंद. तिने ठरवलं, एकच गाणं म्हणायचं, पण सबंध. किनाऱ्यावर खलाशाची वाट बघणाऱ्या मुलीचं, लांबलचक, बिनसाथीचं.

तिच्या ग्रुपला हे पटेना. ग्रुप म्हणजे दोन गिटारी, एक लॅपटॉप आणि पथकातून आणलेला ढोल. त्यांच्या मते जुनं गाणं म्हणजे जुना फ्लॅट, दोन भिंती पाडल्याशिवाय राहण्यालायक होत नाही. 'लोक वीकेंडला रडायला येत नाहीत,' लॅपटॉपवाला म्हणाला. शेवटी तह झाला. आधी तिने साधं म्हणायचं, मग यांनी त्याच्यावर ढोल बडवायचा.

ती गायला लागली आणि खरंच सांगतो, वाइनचे ग्लास टेबलावर टेकले. दादानेही मोबाइल खिशात ठेवला. गाण्यातल्या मुलीला लांबवर एक गलबत दिसलं, आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. आपल्याकडे पाहुणे उशिरा आले की चूक वेळेवर सुरू करणाऱ्याची असते. सूत्रसंचालकाने 'फक्त दोन मिनिटं' म्हणत तिच्या हातातला माइक घेतला. शाल, श्रीफळ, फोटो; फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. मग पाहुणे लोककला जपण्यावर बोलले. भरपूर बोलले. लोककला त्यांच्या मागे हात बांधून उभी होती.

भाषण संपलं तेव्हा तिची वेळही संपली होती. ग्रुपने पहिल्याच कडव्यावर ढोल धरला, लोक नाचले, पाहुणेही शालीसकट नाचले. माझा नुसता जळफळाट झाला.

 परतताना चांदोरी मागे पडल्यावर दादाने गाडीत घसा खाकरला.

'ते गलबत आलं का गं मग? त्या पोरीचं पुढे काय झालं?'

पुतणी खिडकीबाहेर बघत होती.

'बँकेत लागली, बाबा,' ती म्हणाली.