बायकोची वीस उत्तरं

आमच्या घरात मत कुणाला द्यायचं ते मी ठरवायचो. बायको "बरं" म्हणायची आणि विषय संपायचा. सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढलेला मी. मला उमेदवार कळत नाहीत तर कुणाला कळणार, असा माझा ताठा.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा मुलीनं मोबाइलवर एक संकेतस्थळ उघडलं. वीस प्रश्नांची उत्तरं द्यायची, की तुमच्या विचारांशी कोणता उमेदवार जुळतो ते दिसतं. "माणूस ओळखायला आता यंत्र लागतं होय!" असं म्हणत मी उत्तरं दिली. निघाला तो माझाच माणूस. मग बायकोनं दिली. तिचाही तोच निघाला, वीसच्या वीस उत्तरं माझ्यासारखी. संसार असा असावा, असं मी मोठ्यांदा बोललोसुद्धा.

मुलगी हसली नाही. "बाबा, प्रत्येक प्रश्नाला आई 'ह्यांनी काय लावलंय?' विचारत होती. तेच लाव म्हणाली."

मला रागच आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. "पुन्हा भरा," म्हणालो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दार उघडंच होतं.

पहिला प्रश्न नळाच्या पाण्याचा. आमच्याकडे ते चार-पाच दिवसांनी येतं. पाणीप्रश्न तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो, असं मुलीनं वाचून दाखवलं.

"माजी आय तिकडं माहेरी, केमला, लई आजारी हुती," बायको सावकाश म्हणाली. "निरोप आला तवा दुसऱ्या दिवशी पानी यायचं हुतं. मी पानी भरलं आन् दुपारच्या गाडीनं गेले. मी पोचायच्या आदी ती गेली."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"कुनी इचारलं न्हाय की."

मुलीनं मग काय लावलं, मला ऐकू आलं नाही. बायको उशिरा पोचली हे मला माहीत होतं. गाडी चुकली असेल, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. निरोप आला तेव्हा ती पिशवी भरून दारात उभी होती. "उद्याचं पाणी भरून मग जा," असं मीच तिला म्हणालो होतो. तेवढं तिनं मुलीला सांगितलं नाही.