ग्रेसबाईंचा छापील चेहरा

नंदुरबारहून सुरतची पॅसेंजर वेळेवर सुटली. प्रवासातले वेळेवर झालेले काम तेवढेच. माझा मावसभाऊ वसंता सुरतजवळच्या सचिन गावी एका कापड छपाईच्या कारखान्यात मॅनेजर आहे. "नायजेरियाहून बाई आल्यात, मोठ्या पुढारी. शेठला इंग्रजी येत नाही आणि माझं तुला ठाऊकच आहे," असा त्याचा फोन आला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवतो.

उधन्याला उतरून रिक्षा केली. भेस्तान मागे पडले तसा हवेला रंगाच्या पिंपाचा वास येऊ लागला. कारखान्याच्या दारात मांडव होता आणि सत्काराचा फलक. फलकावर नगरसेवकांचे नाव पाहुणीच्या नावापेक्षा मोठे होते.

ग्रेसबाई पन्नाशीच्या, उंच. प्रवासाने पाय सुजलेले. त्यांच्याकडे निवडणुकीत बायका उमेदवाराचा चेहरा छापलेले रॅपर (लुंगीसारखे कमरेचे वस्त्र) नेसतात. तेच छापून न्यायला त्या आल्या होत्या.

"याआधी निवडून आला होतात?" मी विचारले.

"एकदा, राज्याच्या विधानसभेवर. खुर्ची गरम व्हायच्या आत लष्करानं सत्ता घेऊन सभागृहाला कुलूप घातलं. आता पुन्हा निवडणुका आहेत."

"आणि त्याच्या आधी?"

"बाजारात मिरची विकत होते. नवरा गेला, दिरांनी घराला कुलूप घातलं. मी भांडले. तेव्हा बाजारातल्या बायका म्हणाल्या, भांडतेच आहेस तर आमच्यासाठीही भांड." त्यांनी चप्पल काढून पाय चोळले. "आता कुलपांचा कंटाळा आलाय."

तेवढ्यात नमुन्याचा तागा आला. त्यावरची बाई गोरी होती, आणि कपाळावर ठसठशीत लाल टिकली.

"ही कोण?" ग्रेसबाईंनी विचारले.

छपाईवरचा हिंमतभाऊ धुळ्याकडचा. जन्म साड्या छापण्यात गेलेला. अहिराणीत म्हणाला, "मोकयं कपाय (कपाळ) कसं छापू भाऊ? बरं दिसत नही."

मी सांगितले, बाई विधवा आहेत. कापडाच्या घड्या घालणाऱ्या सिंधूबाईंचा हात थांबला. त्यांचेही कपाळ मोकळे होते. "तठे (तिकडे) इधवा बाईले लोके मत देतस का?"

मी विचारले. ग्रेसबाई म्हणाल्या, "लोकांचं माहीत नाही. बायका देतात. पण त्यांनी या बाईला कधी पाहिलेलं नाही."

शेठ हसले. "अरे मास्तर, समजावो ने! गोरी तो सारी लागे (गोरी तर छान दिसते). टिकलीनो चार्ज नथी!"

मी समजावले नाही. ग्रेसबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या. "लष्कर जायची वाट पाहिली, छपाईची स्क्रीन (जाळीचा साचा) बदलायचीही पाहीन."

आता पंचाईत अशी, की पाहुणी उठल्याशिवाय सत्कार होईना आणि सत्काराशिवाय नगरसेवक हलेनात. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिले, शाल या हातातून त्या हातात घेतली. शेवटी शेठच ओरडले, "हिंमत, लाल काढ! तपकिरी घट्ट कर!"

नवा तागा आला. ग्रेसबाईंनी तो उजेडात धरला, सिंधूबाईंना दाखवला. सिंधूबाईंनी मान डोलावली. मग ग्रेसबाई शाल घ्यायला उठल्या. नगरसेवकांच्या भाषणाचे भाषांतर मी दोन वाक्यांत उरकले. त्याहून जास्त त्यात नव्हते.

परतीच्या गाडीत जांभया देत होतो. समोरच्या बाकाखाली एका फेरीवाल्याचे गाठोडे होते. त्याचे कापड ओळखीचे निघाले. सुरतेत बिघडलेला मालही वाया जात नाही. गोरी, टिकलीवाली बाई गाठीपाशी चुरगळून माझ्याकडे पाहत होती. खानदेशात ती सहज खपेल. नायजेरियात तिला एकही मत पडले नसते.