राजाला मारणारी मैत्रीण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वसईच्या शाळेत आठवीत होते. त्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचं इंग्रजी नाटक होतं. मी राजा झाले होते आणि मला मारणारा ‘असॅसिन’ माझी मैत्रीण करणार होती. ती गोखिवऱ्याची, वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर. वर्गात ती फारशी बोलायची नाही. या भूमिकेला एकही वाक्य नव्हतं, म्हणून तिनं ती मागून घेतली.

असॅसिन म्हणजे खुनी, एवढंच आम्हाला ठाऊक. तिनं मात्र लायब्ररीतला जाडा शब्दकोश काढून पाहिला. शब्द मूळचा अरबी, अर्थ हशीश नावाची नशा घेणारा. दुसऱ्या दिवशी तालमीला ती डोळे तारवटून, झोकांड्या खातच आली. आम्ही पोट धरून हसलो.

आमच्या इंग्रजीच्या टीचर, जवळच्या वटार गावच्या, हसल्या नाहीत. “शब्दकोश उघडलास, हे छान केलंस. पण त्या लोकांना हे नाव दिलं कोणी?”

“शब्दकोशात ते नव्हतं,” ती म्हणाली.

“त्यांच्या शत्रूंनी. इराण-सिरियातल्या डोंगरी किल्ल्यांत राहणारा तो छोटा पंथ होता. मोठ्या फौजेपुढे टिकाव लागणार नाही, म्हणून ते थेट वजिराला, सरदाराला गाठायचे. ते नशा करायचे याला पक्का पुरावा नाही. धर्मयुद्धांना गेलेल्या युरोपियनांनी तो शब्द युरोपात नेला.”

“मग खुनी वेगळा?” मी विचारलं.

“भांडणात शेजाऱ्याला मारलं तर तो खुनीच. असॅसिन मोठ्या माणसाला मारतो, ठरवून. राजकारणासाठी, नाहीतर सुपारी घेऊन. मराठीत मारेकरी म्हणता येईल.” मग त्या तिच्याकडे वळल्या. “महिनोन्‌महिने दबा धरून बसणारा माणूस झोकांड्या खाईल का?”

ती ताठ उभी राहिली. मग म्हणाली, “टीचर, मी पहिल्या प्रवेशापासून स्टेजवर राहू? राजाचा नोकर म्हणून?”

टीचरनी लगेच होकार दिला.

संमेलनाच्या दिवशी मिशी लावून, पागोटं बांधून ती माझ्यामागे उभी राहिली. पंखा हलवला, पाणी दिलं, खाली पडलेली शाल उचलली. तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. शेवटच्या प्रवेशात तिनं तितक्याच शांतपणे तबकावरचं फडकं बाजूला करून सुरा उचलला, तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई चक्क उभी राहिली. मला सगळं माहीत होतं, तरी मी दचकून मागे सरकले.

नाटक संपल्यावर तिचे वडील स्टेजमागे आले.

“तुझं काम कधी होतं गं? मला दिसलीच नाहीस.”

“मीच तर राजाला मारलं, बाबा.”

त्यांचा विश्वास बसेना. तिनं मिशी काढून दाखवली आणि इतकी मोकळी हसली, की टीचरसुद्धा बघत राहिल्या.